सौ., श्रीमती, ताई की मॅडम? स्त्रियांना संबोधताना या चुका टाळा

पुरुषाच्या नावाआधी 'श्री.' लिहिलं की काम संपतं. स्त्रीच्या नावाआधी मात्र कु., सौ. आणि श्रीमती यांतलं एक निवडावं लागतं, आणि निवडताना आपण नकळत तिच्या लग्नाची चौकशी करत असतो. पत्रिका, अर्ज, ईमेल, सूत्रसंचालन, सगळीकडच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

अंदाजाने 'सौ.' लावणे

वय पाहून किंवा गळ्यातलं मंगळसूत्र पाहून 'सौ.' लिहिणं ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत जास्त दुखावणारी चूक. 'सौ.' म्हणजे सौभाग्यवती, अर्थात जिचा नवरा हयात आहे अशी स्त्री. नवरा गेलेल्या, घटस्फोट झालेल्या किंवा लग्नच न केलेल्या स्त्रीच्या हातात अशी छापील पत्रिका पडते तेव्हा तिला काय वाटत असेल, याचा विचार छापण्याआधी करायला हवा. ती स्वतःचं नाव कसं लिहिते ते तिच्या ईमेलखाली किंवा व्हिजिटिंग कार्डावर पाहा. तिथे नसेल तर सरळ विचारा: "तुमचं नाव पत्रिकेत कसं छापू?" या प्रश्नाचा कुणालाही राग येत नाही.

मग सरसकट 'श्रीमती' लिहावं का? कार्यालयीन पत्रासाठी ते चांगलं, कारण तिथे लग्न झालंय की नाही याचा संबंध नसतो. पण अनेक मराठी घरांत 'श्रीमती' फक्त विधवेला लावतात असा पक्का समज आहे, त्यामुळे एखाद्या सवाष्णीला ते खटकतं. अशा वेळी अर्थ समजावत बसू नका, उपाधी काढून टाका. पूर्ण नाव आणि पुढे 'यांना' किंवा 'यांस' एवढं पुरेसं आदरार्थी आहे. मराठीची ही मोठी सोय आहे. नुसतं 'किरण' नाव वाचून स्त्री की पुरुष हे कळत नसेल, तेव्हाही 'मा. किरण … यांस' लिहून पत्र निर्धास्त पाठवता येतं.

'गं. भा.' मात्र कुणाच्याही नावाआधी स्वतःहून लावू नका. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' वापरण्याबाबत प्रस्ताव मागवला, तेव्हा जोरदार टीका झाली आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. विरोध रास्तच होता. नवरा गेला ही गोष्ट नावाला चिकटवून गावभर सांगायची नसते. लग्नावरून ठरणाऱ्या उपाधी इतरत्रही मागे पडल्या आहेत: जर्मनीच्या गृहमंत्रालयाने १९७२ मध्येच अविवाहितेसाठीचं 'फ्रॉइलाइन' सरकारी लेखनातून काढलं, फ्रान्सने २०१२ मध्ये त्याच अर्थाचं 'मादमोआझेल' काढलं.

व्यासपीठावर पुरुषांना पद आणि स्त्रियांना 'ताई'

ही चूक कुणाला चूक वाटत नाही, म्हणून ती जास्त टिकते. सूत्रसंचालक पुरुष पाहुण्यांची ओळख 'ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ, प्राध्यापक, डॉक्टर' अशी पूर्ण नावानिशी करून देतो आणि त्यांच्याइतक्याच शिकलेल्या बाईंना 'आपल्या सर्वांच्या लाडक्या सुनीताताई' म्हणून बोलावतो. 'ताई' म्हणण्यात प्रेम असतं, शंकाच नाही, पण त्या प्रेमात तिची पदवी आणि पद दोन्ही गळून पडतं. पाहुण्यांची ओळख लिहून झाली की एकदा तपासा: पुरुषांच्या नावांआधी डॉ., प्रा., ॲड. आहे, तर स्त्रियांच्याही आहे ना? 'अमुक यांच्या सौभाग्यवती' ही ओळख तर, तिने स्वतः सांगितली नसेल तर, खोडाच. गावच्या सरपंच बाई असतील तर आधी त्यांचं नाव पुकारा, त्यांच्या यजमानांचं नाही. 'डॉ. सौ.' अशी जोड-उपाधीही टाळावी, कारण 'डॉ. श्री.' आपण सहसा लिहीत नाही. काहीजणी स्वतः तसं लिहितात, त्यांचं मात्र तसंच ठेवा.

काकू, मावशी, वहिनी

नात्याने हाक मारणं ही आपली गोड सवय आहे, पण तिच्यात वय आणि हुद्दा दोन्ही मोजले जातात. पन्नाशीच्या बाईंना 'आजी' म्हणू नका. नवऱ्याशी ओळख असेल तरच 'वहिनी'. दवाखान्यात डॉक्टर बाईंना 'मॅडम' आणि सफाई करणाऱ्या बाईंना 'ए मावशी' म्हणताना हाकेआधीचा तो 'ए' काढा, आणि 'तू'ऐवजी 'तुम्ही' म्हणा. ऑफिसात समवयस्क पुरुषाला 'अहो' आणि बाईला 'अगं' हाही तसाच भेदभाव. अनोळखी स्त्रीसाठी 'ताई' किंवा 'मॅडम' बहुधा चालतं.

क्रियापद चुकणे

'मॅडम आले' असं सर्रास ऐकू येतं. आदर म्हणून अनेकवचन घेतलं, पण लिंग पुल्लिंगी झालं. 'मॅडम आल्या', 'न्यायाधीश म्हणाल्या', 'डॉक्टर निघाल्या' हे बरोबर. समोरासमोर बोलताना ही अडचण कमी येते: 'तू आलास, तू आलीस' असा फरक 'तुम्ही आलात' मध्ये उरत नाही.

चूक झालीच तर

"माफ करा, दुरुस्त करतो" एवढंच म्हणा. "मला वाटलं तुमचं लग्न झालंय" हे स्पष्टीकरण देऊ नका, त्याने चूक दुप्पट होते. मग मूळ यादीत नाव बदला. पुढच्या कार्यक्रमाची पाकिटं त्याच जुन्या यादीवरून छापली जातात, म्हणून नुसती तोंडी माफी पुरत नाही. फॉर्म तुम्हीच तयार करत असाल, तर उपाधीचा रकाना ऐच्छिक ठेवा आणि 'उपाधी नको' हा पर्यायही द्या.