पहिल्या गुणापासून वर चढताना

व्यावसायिक टेनिसमध्ये उतरणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेकदा फोरहँडबद्दल विचारायला. मी त्यांना आधी क्रमवारी समजावतो, कारण खालच्या स्पर्धा खेळताना मला सगळ्यात जास्त दमवलं ते त्या गणितानं. पुरुष एकेरीत एम-15, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीची स्पर्धा जिंकली तर 15 गुण, ग्रँड स्लॅम जिंकलं तर 2000. त्यात 52 आठवडे झाले की गुण गळतात. गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदाही जिंकली, तरी तिथले गुण तेवढेच राहतात.

म्हणून सुरुवातीला एकाच भागात लागोपाठ होणाऱ्या स्पर्धा निवडा आणि दुहेरीतही नाव द्या. चॅलेंजरच्या, म्हणजे त्यावरच्या पायरीच्या स्पर्धेच्या, पात्रता फेरीत जागा मिळाली की मोह होतो. पण आठवड्याला एकच सामना खेळून परतणाऱ्याचा हात बसत नाही. पहिल्या शंभरात आलात की चित्र पालटतं: ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत 128 पैकी 104 जागा क्रमवारीवरूनच भरतात.

खेळातलं विचाराल, तर दुसऱ्या सर्व्हिसवर मेहनत घ्या. 30-40 असताना, म्हणजे एक गुण गेला की आपल्या सर्व्हिसचा गेम जाणार असताना, नवखा खेळाडू हात आखडतो, चेंडू मधोमध अलगद पडतो आणि समोरचा पुढे सरकून तो हाणतो. हात पहिल्या सर्व्हिसच्याच वेगानं फिरू द्या. फक्त रॅकेट चेंडूच्या मागून वर घासत न्या. चेंडू जाळीवरून उंच जातो, आत वळून पडतो आणि खांद्यापर्यंत उसळतो. हे अंगवळणी पडायला महिने लागतात, तेवढे द्याच.

जोकोविचनं 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, पण अव्वल क्रमांकासाठी जुलै 2011 उजाडावा लागला. मधल्या काळात, 2010 मध्ये, त्याची सर्व्हिस पार बिघडली होती, डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण जाणं) थांबत नव्हते. ती सावरली, आहारही बदलला, आणि 2011 च्या मोसमात त्यानं पहिले 41 सामने जिंकले. ऑस्ट्रेलियाची ॲश्ले बार्टी तर टेनिस सोडून क्रिकेट खेळायला गेली, 2016 मध्ये परतली आणि 2019 मध्ये फ्रेंच ओपन जिंकली आणि त्याच महिन्यात पुढची स्पर्धा जिंकून अव्वल झाली. तिचं उदाहरण मी थकलेल्या मुलांना आवर्जून सांगतो.

दुखापतीनं किमान सहा महिने बाहेर राहावं लागलं, तर संरक्षित क्रमवारी, म्हणजे दुखापतीच्या सुमाराच्या क्रमवारीवर पुन्हा स्पर्धांत प्रवेश मिळवण्याची सोय, मागता येते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, तेव्हा डॉक्टरांचा अहवाल हाती येताच तो भरून टाका.