टाक, ब्रश आणि पातळ शाई

"ताई, पेन कुठलं घेऊ?" इलस्ट्रेशन, म्हणजे कथा-लेखांसाठी चित्रं काढणं, शिकायचंय म्हणून भेटायला येणाऱ्या दर दुसऱ्या मुलाचा पहिला प्रश्न हाच असतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड, हात बरा, मोबाईलमध्ये शाईच्या चित्रांचा ढीग सेव्ह केलेला. मी उलट विचारते, "काय काढणार आहेस, आणि ते छापणार कशावर?" याचं उत्तर सहसा नसतं. पेन, ब्रश आणि वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा थर) यांतलं काय वापरायचं हे मात्र या दोन गोष्टींवरून ठरतं. आपली 'स्टाइल' कोणती यावरून ठरत नाही. विशीत स्टाइल शोधत बसणं मला तरी वेळ घालवणं वाटतं.

आपल्याकडे रेषेला एवढं वजन का आलं ते आधी बघा. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली का. र. मित्रांनी सुरू केली. पुढे कित्येक वर्षं सगळी छपाई खिळ्यांची (सुट्या अक्षरांची) आणि ब्लॉकची (चित्राच्या धातूच्या ठशाची). रेषाचित्राचा लाइन ब्लॉक स्वस्तात व्हायचा. करड्या छटा हव्या असल्या की बारीक ठिपक्यांनी छटा दाखवणारा हाफटोन ब्लॉक लागायचा, वर त्याला गुळगुळीत कागद पाहिजे. म्हणून चित्रकारांनी करडा रंग रेषांच्या जाळीतून, ठिपक्यांतून, कोरड्या ब्रशच्या खरखरीतून काढला. आज ज्याला आपण तंत्र म्हणून शिकतो, त्यातलं बरंचसं छापखान्याच्या अडचणीतून आलंय. आता ऑफसेट आहे, वॉशही छापता येतो. पण स्वस्त कागद शाई पितो, ठिपका पसरतो, आणि घरी सुंदर दिसणारा मधला करडा अंकात काळपट होऊन येतो. तसल्या कागदासाठी वॉश दोन पायऱ्या फिका ठेवायचा आणि पांढरा कागद जास्त मोकळा सोडायचा.

सरावासाठी माझं एकच सांगणं असतं. एकच विषय तिन्ही साधनांनी काढा. सोलापुरात त्यासाठी लांब जायला नको, पूर्व भागात ओळख काढून एखाद्या चादरीच्या कारखान्यात जा. मालकाला आधी विचारा आणि कामगाराच्या वाटेत उभे राहू नका. आत मागांचा आवाज इतका की बोलणं खुणांनीच होतं. जकार्डचा, म्हणजे विणतानाच नक्षी काढणारा माग असेल तर डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते आणि तिथून शेकडो दोऱ्या खाली उतरतात. टाकाने (शाईत बुडवून वापरायच्या निबच्या पेनाने) हे काढायला बसलात की पहिला मोह होतो तो सगळ्या दोऱ्या काढायचा. सगळ्या काढल्या की चित्र सपाट पडतं, कंगव्यासारखं दिसतं. कडेच्या दोऱ्या काढा, मधल्या उजेडात विरू द्या. जिथे दोन दोऱ्या एकमेकींना छेदतात तिथे रेष किंचित तोडा. कुठे थांबायचं हे टाक तिथे शिकवतो.

मग तोच माग ब्रशने काढा. आता दोऱ्या जमणारच नाहीत, त्यामुळे नजर आपोआप माणसाकडे जाते. तुटलेला धागा सांधायला कामगार वाकतो तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत एक मोठी वळणदार रेष मिळते. ती एकाच फटकाऱ्यात यायला हवी: सुरुवातीला बारीक, खांद्यावर दाब, कमरेशी पुन्हा बारीक. मनगट टेकवून ती येत नाही, हात खांद्यापासून हलवावा लागतो. आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे यांच्या ब्रशच्या रेषा समोर ठेवून बघा, जाड-बारीक कुठे होतंय ते बोटाने गिरवा. टाकासाठी व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची गर्दीची चित्रं घ्या. ब्रश आणि काळ्या शाईत दुःख किती मावतं हे कळायला १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरची चित्रकार चित्तप्रसाद यांची चित्रं पाहा. नक्कल करायला लाजायचं कारण नाही, फक्त ती स्वतःची म्हणून विकू नका.

तिसऱ्या खेपेला वॉश. आता माणूसही दुय्यम. छतातल्या काचेतून पडणारा उजेड, हवेतला तंतूंचा धूर आणि काळोखात बुडालेलं लोखंड. वॉशमध्ये उजेड काढायचा नसतो, राखायचा असतो, त्यामुळे कागद कुठे कोरा ठेवायचा हे पाणी लावण्याआधीच ठरलेलं हवं. तिन्ही एकत्र वापरताना मी आधी वॉश देते आणि टाक शेवटी उचलते. आधी सगळी रेष मारून ठेवली की वॉश नुसता रंग भरल्यासारखा होतो. वॉश आधी असला की पेनने फक्त उरलेलं सांगायचं राहतं, आणि ते फार थोडं असतं.

आता सामान. ड्रॉइंग इंक वॉटरप्रूफ हवी. त्यात काजळी असते आणि ती धरून ठेवायला लाखेपासून केलेलं शेलॅक. एकदा सुकली की वर कितीही पाणी फिरवा, हलत नाही. हीच शाई फाउंटन पेनात भरली तर पेन कायमचं गेलं म्हणून समजा. तिच्यासाठी टाकच, होल्डर आणि बदलता निब. नव्या निबवर तेलाचा थर असतो, टूथपेस्टने चोळून धुवा, नाहीतर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. फाउंटन पेनची शाई पाण्याने पुन्हा विरघळते आणि उजेडात फिकी पडते, पण प्रयोगाला मजेदार आहे: रेष मारा, ओला ब्रश फिरवा, सावली तिच्यातूनच निघते. ब्रश गोल, सहा किंवा आठ नंबर, ओला केल्यावर टोक जुळणारा. शेलॅक केसांचं वाटोळं करतं, त्यामुळे या शाईला सिंथेटिक पुरे, सेबलच्या (प्राण्याच्या केसांच्या महाग) ब्रशचे पैसे वाचवा. कागद मात्र चांगला घ्या. वॉशला ३०० जीएसएमचा जाड, नाहीतर पापड होतो. टाकाला गुळगुळीत कागद बरा, खडबडीत कागदावर निब अडकतो आणि शिंतोडे उडवतो.

पाण्याबद्दल मुद्दाम सांगते, कारण हे पुण्या-मुंबईचे शिक्षक सांगत नाहीत. बोअरचं जड पाणी शाईत घातलं की काजळीचे कण गोळा होतात आणि वॉशमध्ये रवाळ ठिपके दिसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणा, एक कॅन महिनोन्महिने पुरतो.

पाच वाट्या घ्या. प्रत्येकीत सारखंच पाणी, शाईचे थेंब मात्र दुप्पट करत जा: १, २, ४, ८, १६. एकेक थेंब वाढवत नेलं तर गडद बाजूच्या छटा डोळ्याला सारख्याच दिसतात. बोर्डाखाली एक वही सरकवून उतार द्या, वरून भरलेला ब्रश आडवा ओढा, खाली साचलेली ओळ पुढच्या फटकाऱ्याने खाली आणा. मागे वळून दुरुस्ती नको, अर्धवट ओल्यावर पुन्हा ब्रश लावला की डाग फुलतो. फिक्याकडून गडदाकडे, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार गेला की दुसरा ब्रश भरेपर्यंत पहिल्याची कड सुकलेली असते. मोठा वॉश पहाटे उरकावा, पंखा बंद, कागद आधी स्पंजने ओलसर. याच उन्हाचा फायदाही आहे. कोरड्या ब्रशचं काम सोलापूरच्या दुपारी जसं होतं तसं पावसाळ्यात कोकणात होणार नाही, आणि थरावर थर द्यायला वाट बघावी लागत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात: बारावीनंतर बीएफएसाठी (कलेच्या पदवीसाठी) राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा असते, उपयोजित कलेत इलस्ट्रेशन हा विषय घेता येतो. डिग्रीने दार उघडतं, काम मिळतं ते नमुन्यांवर. नमुन्यांत सुटी सुंदर चित्रं कमी आणि एकाच कथेची तीन-चार चित्रं जास्त ठेवा. तेच पात्र प्रत्येक चित्रात तेच दिसतं का, हे संपादक आधी बघतो. काम करायला गाव सोडावं लागत नाही. शुद्ध रेषेचं चित्र १२०० डीपीआयला, वॉशचं ग्रेस्केलमध्ये निदान ३०० ला स्कॅन करून पाठवा. मोबाईलचा फोटो पाठवू नका, कडेला सावली येतेच.

दिवाळी अंकाच्या कथा पावसाळ्यात हाती येतात आणि सगळ्यांना चित्रं एकदमच हवी असतात. होकार देण्याआधी चार गोष्टी मेलवर लिहून घ्या: आकार, मुदत, किती वेळा बदल करून देणार आणि पैसे कधी. पाचवी सर्वांत महत्त्वाची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून 'एकदाच छापण्यापुरता हक्क, मूळ चित्र माझ्याकडे' ही ओळ आधीच घाला. चांगले संपादक तिला हरकत घेत नाहीत. जे घेतात, त्यांच्याकडे दर वाढवून मागा.