वीस हजारांत जुना गेमिंग पीसी कसा सुधारावा

माझ्या भाच्याचा पीसी 2018 सालचा, आठवीत असताना हट्टानं घेतलेला. रायझन 5 2600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 8 जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स 1050 टीआय कार्ड आणि 1 टीबीची हार्ड डिस्क. दिवाळीत म्हणाला, "मामा, फक्त ग्राफिक्स कार्ड बदलू या, बाकी सगळं झकास आहे." ताईनं वीस हजार मंजूर केले होते, वर एक रुपया नाही. सगळेच्या सगळे कार्डात घालायची त्याची तयारी होती. मी म्हटलं, आधी पीसी उघड.

खरं तर त्याच्याही आधी मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्ड-प्रोसेसरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते लावून नेहमीचा गेम वीस मिनिटं खेळा आणि कोपऱ्यातले आकडे बघत राहा. कार्डाचा वापर 95 टक्क्यांच्या वर असेल तर अडतंय ते कार्डच. कार्ड 60 वर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं, पुरेशा मिळत नाहीत (फ्रेमवर मर्यादा लावलेली नाही ना, तेही बघा), तर दोष प्रोसेसरकडे किंवा रॅमकडे. प्रोसेसरचा एकूण आकडा फसवतो. तो 35 टक्के दिसतो, पण एखादा कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) पूर्ण भरलेला असतो, म्हणून कोअर सुटे सुटे बघा. भाच्याकडे जड गेममध्ये कार्ड 99 वर होतं, पण व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये तेच कार्ड निम्मं रिकामं बसलेलं. रॅम मात्र दोन्हीकडे काठोकाठ.

आता फुकटची कामं. कॅबिनेट गॅलरीत न्या आणि ब्लोअरनं धूळ उडवा. उडवताना पंखा बोटानं धरून ठेवा, भिंगरीसारखा फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) सात वर्षांत सुकलेली असते, ती बदलायलाच हवी, पण इथं एक धोका आहे. एएम4 सॉकेटच्या (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) या रायझनला पिना प्रोसेसरच्या पोटाशी असतात आणि सुकलेली पेस्ट कूलरला घट्ट धरून ठेवते. मी एकदा कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात आला. दोन पिना वाकल्या. शिसं काढलेल्या पेन्सिलीच्या टोकानं त्या सरळ करेपर्यंत घाम फुटला होता. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ करा, पीसी बंद करून प्लग काढा, स्क्रू तिरप्या क्रमानं सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत काढा. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरे.

मग बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू करा. त्यानं रॅम तिच्यावर छापलेल्या वेगानं चालते. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. भाच्याच्या पट्टीवर वेग 3000 छापलेला होता आणि ती चालत होती 2133 वर. सात वर्षं! टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दिसतो, कुणी बघत नाही एवढंच.

खर्चाची सुरुवात रॅमपासून. तशीच 8 जीबीची दुसरी पट्टी घ्या आणि चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या खाचेत जोडी बसवा. रायझनला जोडीचा फायदा चांगलाच जाणवतो. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे जुनी पट्टी घ्यायला माझी हरकत नाही. रॅम सहसा बिघडत नाही. रॅम तपासणारं मेमटेस्ट86 रात्रभर चालवलं की खात्री पटते.

एसएसडीनं (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) फ्रेम वाढत नाहीत, पण गेम उघडायची वाट बघणं संपतं. 500 जीबी पुरे, हार्ड डिस्क साठवणीला ठेवा.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे एसएमपीएस, पीसीला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्यावर 450 वॅट लिहिलेलं असतं, पण स्टिकरवर 12 व्होल्टच्या रांगेतले अँपिअर वाचा आणि 12 नं गुणा. भाच्याच्या स्टिकरवर 18 होते, म्हणजे 216 वॅट. आम्ही घेणार होतो ते आरएक्स 6600 कार्ड एकटं 132 वॅट खातं आणि त्याला 8 पिनांची वायर लागते. अडॅप्टर जोडून ती वायर तयार करण्याचा मोह टाळा. चांगल्या कंपनीचा 80 प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस घ्या, आणि तो नवाच घ्या.

आता कार्ड. स्वस्त म्हणून आरएक्स 6500 एक्सटी गळ्यात मारतील. त्यात मेमरी 4 जीबी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा) चारच. बी450 सारख्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या बोर्डावर त्या चार लेन अपुऱ्या पडतात. 6600 ला आठ लेन आणि 8 जीबी मेमरी आहे. जीटीएक्स 1060 जुन्या बाजारात भरपूर, पण त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढणं एनव्हिडियानं ऑक्टोबर 2025 नंतर थांबवलं.

आम्ही मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात जुनं 6600 घेतलं. दुकानातच लावून अर्धा तास चालवून घ्या, लाजू नका. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून आकडे पडताळा. उदाहरणार्थ, खऱ्या आरएक्स 580 मध्ये 2304 शेडर (कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग) दिसतात, 2048 दिसले तर ते धाकटं कार्ड आहे. पंखे हातानं फिरवून खरखर ऐका. निघण्यापूर्वी घरी कॅबिनेटची आतली लांबी मोजून न्या.

प्रोसेसर आम्ही ठेवला. याच बोर्डावर पुढे रायझन 5 5600 बसतो, पण आधी बायॉस अपडेट करावं लागतं. ते चालू असताना लाईट गेली तर बोर्ड मेलाच समजा, म्हणून यूपीएसवर करा. काही बोर्डांवर नव्या बायॉसनंतर जुना प्रोसेसर चालत नाही, तेव्हा कंपनीची यादी आधी वाचा. विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, मात्र 2600 ला विंडोज 11 चालतं. त्यासाठी बायॉसमध्ये एफटीपीएम (सुरक्षेची सोय) चालू करावं लागतं.

हिशेब असा झाला: रॅम 2,500, एसएसडी 3,000, एसएमपीएस 3,600, कार्ड 10,800. उरलेल्या शंभरात स्टेशनाबाहेर दोघांचे वडापाव. जुनं 1050 टीआय आठवड्यात विकलं गेलं. त्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही, म्हणून ऑफिसातून निघालेले पीसी घेतलेली मुलं ते शोधतच असतात. त्या पैशांचा डबा भाच्यानं 5600 साठी बाजूला ठेवलाय, ताईला न सांगता.