ज्युदोच्या मॅटवर नम्रतेचा सराव: ख्रिस्ती नवशिक्यांसाठी अनुभवाच्या काही गोष्टी

ज्युदोच्या वर्गात नव्याने येणाऱ्या ख्रिस्ती मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनात सहसा दोन शंका असतात. लढण्याची विद्या प्रभू येशूच्या शिकवणुकीत बसते का, ही पहिली आणि मॅटवर वाकून अभिवादन करणे ही मूर्तिपूजा तर नव्हे ना, ही दुसरी. स्वतः शिकून झाल्यावर आणि आता मुलांना शिकवू लागल्यावर मला वाटते की या दोन्हींपेक्षा अवघड प्रश्न तिसराच आहे आणि तो फारसा कोणी विचारत नाही: अंगात ताकद आणि कंबरेला रंगीत बेल्ट आला की डोक्यात जी हवा जाते, तिचे काय करायचे?

अभिवादनाचा प्रश्न आधी मिटवू. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरातल्या जागेत कोदोकानची, म्हणजे ज्युदोच्या पहिल्या शाळेची, स्थापना केली हे खरे. पण ज्युदोच्या सरावात पूजाविधी नाही आणि जोडीदारापुढे वाकणे म्हणजे त्याने आपले शरीर सरावासाठी आपल्या हाती सोपवले याबद्दलची कृतज्ञता होय. भिंतीवरच्या कानो यांच्या छायाचित्रापुढे वाकणे ज्याच्या सद्सद्विवेकाला पटत नसेल, त्याने वर्गाआधी सरांना एकांतात तसे सांगावे. बहुतेक शिक्षक समजून घेतात. भर वर्गात ताठ उभे राहून आपली निष्ठा सर्वांना दाखवून देणे मात्र टाळावे. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्याच्या वादाबद्दल जे सांगतो, की एकाने दुसऱ्याला तुच्छ मानू नये आणि दुसऱ्याने पहिल्याला दोषी ठरवू नये, ते येथे जसेच्या तसे लागू पडते.

आता मूळ मुद्दा. नम्रता ही मनात आणायची भावना आहे असे समजून तिची वाट पाहणारे पुष्कळ भेटतात. मॅटवर ती शरीराने शिकावी लागते आणि सुरुवात पडण्यापासून होते. पहिले काही आठवडे उकेमी, म्हणजे सुरक्षित पडणे, एवढेच शिकवतात: हनुवटी छातीला टेकलेली, नजर बेल्टच्या गाठीवर, हात अंगापासून थोडा दूर, आणि पाठ टेकते त्याच क्षणी तळवा व पूर्ण बाहू मॅटवर आपटलेला. कंटाळवाणे वाटते, पण जो पडायला तयार नसतो तो पडताना हात टेकवून स्वतःला सावरू पाहतो आणि मनगट, कोपर किंवा खांदा दुखावून घेतो. जुजी-गातामेत, म्हणजे कोपराचा सांधा ताणणाऱ्या पकडीत, वेळेवर हाताने थोपटून हार न मानणाऱ्याचेही तेच होते. या खेळात अहंकाराची किंमत बऱ्याचदा सांध्यांना मोजावी लागते.

बेल्टचा रंग गडद होत जातो तसा गर्व आपली जागा बदलतो. रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सरावात, एखादा वरच्या बेल्टचा खेळाडू हिरव्या बेल्टच्या मुलाशी खेळताना हात ताठ करून त्याला दूर रेटत असेल आणि कंबर मागे काढून वाकून उभा असेल, तर बहुधा त्याला सर्वांदेखत पडण्याची भीती आहे, असे खुशाल समजावे. तो पडत नाही हे खरे, पण त्याचे तंत्र तेथेच थांबते, आणि समोरच्या मुलालाही काही शिकता येत नाही. नवशिक्यांना माझे सांगणे असते की आपल्यापेक्षा लहान, हलक्या किंवा नव्या जोडीदाराचे उके होण्याची, म्हणजे त्याच्याकडून पाडून घेण्याची, संधी आपण होऊन मागावी. ओसोतो-गारी, म्हणजे पाय मागून झटकून पाडण्याचा डाव, त्याला नीट जमेपर्यंत खऱ्या तोलाने उभे राहावे, आधीच उडी मारून पडू नये आणि मुद्दाम अडूनही राहू नये. हे दिसते तितके सोपे नाही.

येथे ख्रिस्ती खेळाडूपाशी एक मोठा आधार आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला ख्रिस्त दुर्बळ म्हणून नम्र झालेला नाही. गेथशेमाने बागेत तो पेत्राची तलवार म्यानात घालायला लावतो तेव्हाही बारा फौजांहून अधिक देवदूत मागवता येतील हे त्याला ठाऊक असते, असे मत्तय सांगतो. आवर घालायला आधी शक्ती असावी लागते, म्हणून जोर लावून, घाम गाळून शिकण्यात अधार्मिक काही नाही. पौलानेही करिंथकरांना लिहिताना मुष्टियोद्ध्याचा दाखला दिला. त्या शहराजवळ इस्थमियन खेळ भरत, तेव्हा वाचकांना तो लगेच कळला असणार. पण वाऱ्यावर ठोसे मारत नाही म्हणणारा पौल आपला सारा कस लावतो तो स्वतःच्या शरीराला ताब्यात ठेवण्यासाठी.

धर्माच्या आडून येणारा गर्व ओळखणे सर्वांत कठीण. पदक मिळाल्यावर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देताना ‘देवाने मला जिंकवले’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण हरलेल्या मुलाच्या आईनेही त्या सकाळी प्रार्थना केलेली असते. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या गर्विष्ठ परुश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाची, प्रार्थनाही देवाचे आभार मानूनच सुरू होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मॅटवर क्रूसाची खूण केल्याबद्दल आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने आपल्याला पाच महिने निलंबित केले असे सर्बियाच्या नेमान्या माज्दोव्ह या खेळाडूने सांगितले, तेव्हा आमच्या ओळखीच्या मंडळींत बरीच चर्चा झाली. मला स्वतःला ती शिक्षा जास्त वाटली. तरी आतल्या खोलीत दार लावून केलेल्या प्रार्थनेवर कोणताही महासंघ बंदी घालू शकत नाही, हेही मी मुलांना सांगतो.

हरल्यानंतरच्या वागण्याबद्दल एक व्यावहारिक सूचना. पंच, वजनगट, झोप यांची कारणे त्या दिवशी कोणालाच सांगू नयेत. जिंकणारा आपल्याच वर्गातला, त्यातही खालच्या बेल्टचा असेल, तर पुढच्या सरावाला त्याच्याकडे जाऊन तोच डाव आपल्यावर सावकाश पुन्हा लावायला सांगावे आणि त्याने आपला तोल नेमका कोठे मोडला हे त्यालाच विचारावे. तो संकोचेल, ‘दादा, तसे काही नाही’ म्हणेल. तरी आग्रहाने विचारावे आणि तो दाखवेल तितक्या वेळा पडावे.