‘प्रॅग्मॅटिक’ हा शब्द कसा वाचावा आणि कसा वापरावा

‘प्रॅग्मॅटिक’ या इंग्रजी शब्दाला ‘व्यवहारी’ हा एकच प्रतिशब्द लावला, तर आजच्या वृत्तपत्रातला मजकूर बहुधा लागतो. जुना मजकूर मात्र फसवतो. म्हणून हा शब्द दिसला की आधी लेखनाचा काळ पाहावा आणि अर्थ मग ठरवावा.

शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ‘प्राग्मा’ म्हणजे कृत्य, काम किंवा प्रकरण. ज्या क्रियापदापासून तो साधला आहे त्याचा अर्थ ‘करणे’, आणि ‘प्रॅक्टिकल’ व ‘प्रॅक्टिस’ हेही त्याच घराण्यातले. ग्रीक-रोमन जगात वक्त्यांना खटल्यातले कायद्याचे मुद्दे पुरवणाऱ्या जाणकारांना याच नावाने ओळखत.

लॅटिनमार्गे १६व्या शतकाच्या उत्तरार्धात शब्द इंग्रजीत रुळला तो जवळजवळ शिवी म्हणूनच. ज्याला सतत काही तरी करायचे असते, तो दुसऱ्याच्या कामातही नाक खुपसतो; त्यामुळे १७व्या शतकातल्या लेखनात एखाद्याला ‘प्रॅग्मॅटिक’ म्हटले असेल, तर तो लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा आगाऊ माणूस समजावा. शंका आल्यास शेजारची विशेषणे पाहावीत: ‘उद्धट’, ‘घमेंडखोर’ अशी सोबत असेल, तर हाच अर्थ घ्यावा.

‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ या जोडशब्दाचे भाषांतर करण्याच्या भानगडीत पडू नये. राज्यकारभाराविषयीच्या शाही फर्मानाची ती संज्ञा आहे. पवित्र रोमन सम्राट सहाव्या चार्ल्सने १७१३ साली असेच फर्मान काढून आपल्या राज्याचा वारसा मुलीकडेही जाऊ शकेल अशी तजवीज केली. त्याच्या मृत्यूनंतर १७४० मध्ये त्याची मुलगी मारिया थेरेसा हिच्या या हक्कावरूनच युद्ध पेटले.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात अर्थ पुन्हा बदलतो. एखाद्या कल्पनेचे व्यवहारात कोणते परिणाम संभवतात, हे पाहूनच तिचा अर्थ स्पष्ट होतो, असे अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने १८७८ च्या लेखात मांडले. त्याच्याच देशातला तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने १८९८ च्या व्याख्यानातून ‘प्रॅग्मॅटिझम’ हे नाव सर्वतोमुखी केले. ते इतके सैल वापरले जाऊ लागले की १९०५ मध्ये पर्सने आपल्या मतासाठी ‘प्रॅग्मॅटिसिझम’ हे मुद्दाम कुरूप नाव घडवले, जेणेकरून ते कोणी पळवून नेणार नाही. या विचारासाठी मराठीत ‘फलप्रामाण्यवाद’ म्हणावे. ‘उपयुक्ततावाद’ (युटिलिटेरियनिझम) हा वेगळा विचार आहे.

आजच्या वापरात ‘प्रॅक्टिकल’शी गल्लत होते. बूट किंवा रेनकोट प्रॅक्टिकल असतो, प्रॅग्मॅटिक नव्हे. ‘प्रॅग्मॅटिक’ हे विशेषण माणसाला, धोरणाला किंवा निर्णयाला लागते. संपूर्ण नियमावली बदलावी असे मत असलेला सदस्य, बहुमत फक्त दोन कलमांपुरतेच आहे हे ओळखून तेवढ्याच दुरुस्तीला मान्यता देतो, तेव्हा त्याचा निर्णय प्रॅग्मॅटिक ठरतो. त्याच्याच गटातला कडवा सहकारी हाच शब्द ‘तत्त्व सोडले’ या अर्थाने तोंडावर फेकू शकतो, तेव्हा बोलणारा कोण हेही पाहावे लागते.

मराठीत लिहिताना योजनेला ‘व्यवहार्य’ शोभते. माणसाला ‘व्यवहारी’ म्हटले की पैशाचा हिशेब पाहणारा अशी छटा डोकावते, जी मूळ शब्दात नाही. तिथे ‘परिस्थिती ओळखून निर्णय घेणारा’ असे लांब लिहिणे मला अधिक बरे वाटते.