प्लेट लाल झाली म्हणजे जीननेच केलं असं नाही: रक्तवाहिन्यांच्या कॅल्सिफिकेशनवर (भिंतीत कॅल्शियम साठण्यावर) काम करताना या चुका टाळा

अ‍ॅलिझरिन रेड हा डाय टाकला, वेल (प्लेटमधला पेशींचा खळगा) लालभडक झाली की लगेच फोटो काढून गाईडला पाठवायची घाई होते. पण तो डाय फक्त कॅल्शियम दाखवतो, ते कोणी साठवलं ते नाही. व्हॉन कोसा हा दुसरा स्टेन तर फॉस्फेट धरतो, तरी लोक बिनधास्त त्याला कॅल्शियम स्टेन म्हणतात.

सगळ्यात मोठा घोळ फॉस्फेटचा. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्मूथ मसल पेशींना जास्त फॉस्फेट दिलं की त्या हळूहळू हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात, हाड घडवणारं जीन रनएक्स२ वाढतं, स्नायूपेशीची ओळख असलेली अल्फा-अ‍ॅक्टिन आणि एसएम२२ खाली येतात, हे बरोबरच आहे, पण डीएमईएम या पेशी वाढवायच्या मीडियममध्ये आधीच साधारण ०.९ मिलीमोलर फॉस्फेट असतं आणि त्यावर कोणी २.६ 'अजून' टाकतं तर कोणी 'एकूण' २.६ करतं, मग दोघांचे रिझल्ट जुळत नाहीत म्हणून भांडण. फारच जास्त झालं तर गीझरमध्ये क्षार बसतो तसं कॅल्शियम फॉस्फेट आपोआप खाली बसतं, त्याला ना पेशी लागते ना जीन. म्हणून एक वेल नुसत्या मीडियमची आणि एक फिक्स केलेल्या मेलेल्या पेशींची ठेवाच. तिथेही लाल आलं तर तुमची जीनची गोष्ट तिथेच संपली. मरणाऱ्या पेशींच्या तुकड्यांवरही क्रिस्टल धरतात, त्यामुळे व्हायबिलिटी (किती पेशी जिवंत आहेत ते) बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॅल्शियम मोजून प्रोटीनने भागता ना? धुताना पेशी सुटून गेल्या तर प्रोटीन कमी येतं आणि आकडा फुगतो. नुसता रेशो नको, दोन्ही आकडे वेगवेगळे बघा.

आता क्यूपीसीआर, म्हणजे जीनची प्रत असलेला एमआरएनए मोजायची पद्धत. फक्त रनएक्स२चा एमआरएनए बघून निकाल देऊ नका, कारण तो तसाच राहून प्रोटीनची अ‍ॅक्टिव्हिटी फॉस्फोरिलेशनने (प्रोटीनला फॉस्फेट जोडलं गेल्याने) बदलू शकते. वेस्टर्न ब्लॉट करून प्रोटीन बघा, शक्य असेल तर नॉकडाऊन करून (जीन दाबून) कॅल्शियम खरंच कमी होतं का तेही बघा.

आणि सगळे 'हाड बनवणाऱ्या' जीन्सच्या मागे लागतात, ब्रेक मारणाऱ्यांकडे कोणी बघत नाही, मला तर हीच बाजू जास्त इंटरेस्टिंग वाटते. १९९७ मध्ये एमजीपी (कॅल्शियम साठू न देणारं प्रोटीन) याचं जीन काढलेले उंदीर दाखवले गेले, त्यांच्या धमन्या इतक्या कॅल्सिफाय झाल्या की त्या फुटून ते दोन महिन्यांच्या आत मेले. माणसात ईएनपीपी१ हा जीन बिघडला की कॅल्शियम साठू न देणारं पायरोफॉस्फेट कमी पडतं आणि तान्ह्या बाळाच्या धमन्यांतही कॅल्शियम साठतं. एमजीपीत अजून एक फसवणूक आहे, ते चालायला त्याचं कार्बॉक्सिलेशन (त्यावर कार्बॉक्सिल गट जोडणं) व्हावं लागतं आणि त्याला व्हिटॅमिन के लागतं, व्हिटॅमिन केचं काम अडवणारं औषध वॉरफरिन दिलं तर जीन व्यवस्थित चालू, एमआरएनए भरपूर आणि प्रोटीन मात्र निकामी, क्यूपीसीआरवर यातलं काहीच दिसत नाही. अशा वेळी कार्बॉक्सिलेट न झालेलं एमजीपी वेगळं ओळखणारी अँटीबॉडीच मागवा.