जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स निवडताना

लिनक्सकडे नव्याने वळणारे विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे सर्वांत चांगले डिस्ट्रो, म्हणजे उबंटू, फेडोरा, आर्च, मिंट अशा लिनक्सच्या तयार संचांपैकी, कोणते. या प्रश्नात मी स्वतः जवळजवळ एक वर्ष घालवले. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप होता आणि दर दोन-तीन आठवड्यांनी मी त्यावर नवे डिस्ट्रो बसवत होतो. इन्स्टॉल करण्याचा हात बसला, पण फाइलींच्या परवानग्या, सेवा सुरू किंवा बंद करणे, लॉग वाचून बिघाड शोधणे यांतले काहीच नीट येईना, कारण बिघाड दुरुस्त करावा लागेल इतके दिवस मी एकाही डिस्ट्रोवर टिकलो नव्हतो.

म्हणून निवडताना मी आता पहिल्यांदा सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळणार आहेत ते पाहतो. उबंटूच्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीला पाच वर्षे अपडेट मिळतात, तर मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते. आर्चमध्ये आवृत्त्याच नसतात, अपडेट अखंड येत राहतात. शिकण्यासाठी ते उत्तम आहे, पण परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याला एकुलता एक लॅपटॉप चालू हवा आहे, त्याला मी ते सुचवणार नाही. माझ्या त्या लॅपटॉपवर शेवटी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टिकली, कारण तिचा डेस्कटॉप हलका आहे आणि मिंटचा पाया उबंटू एलटीएसचा असल्यामुळे अडचणीचे उत्तर शोधणे सोपे जाते.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह सत्र (डिस्कवर काही न बसवता लिनक्स चालवणे) सुरू करून वाय-फाय, आवाज, प्रिंटर, आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो की नाही, एवढे तपासावेच; ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय कार्डांना ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. डिस्कच्या वाटणीच्या पायरीवर मात्र अजिबात घाई करू नये. एकदा रात्री मी संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला आणि विंडोजच्या पार्टिशनमधील (डिस्कच्या वेगळ्या भागातील) प्रकल्पाचा अहवाल व घरचे फोटो कायमचे गेले. तेव्हापासून कोणते पार्टिशन किती जीबीचे आहे हे आधी कागदावर लिहून, पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय मी पुढचे बटण दाबत नाही. मिंटमधील टाइमशिफ्ट या बॅकअपच्या साधनावरही या बाबतीत विसंबू नये. ते यंत्रणेचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घेते; तुमचे लेखन आणि फोटो मूळ सेटिंगमध्ये त्यात येत नाहीत.

मराठीत लिहायचे असेल तर आयबस आणि एम१७एन ही भारतीय भाषांत टंकायची साधने घालून घ्यावीत. त्यात इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी) आणि उच्चारानुसार टंकायची, अशा दोन्ही मांडण्या मिळतात. इनस्क्रिप्टची परीक्षा म्हणून मी ‘दुसऱ्या’ हा शब्द टंकतो. शिफ्ट धरून J ही कळ दाबली की ऱ येतो, मग D दाबून हलन्त आणि पुढे य व काना दिला की ‘ऱ्या’ जुळते. त्याऐवजी रफार उमटला, तर साधा र पडला आहे असे समजावे. हलन्त सुटा दिसला, तर फॉन्ट बदलून ‘नोटो’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) हा फॉन्ट वापरून पाहावा.

नवख्यांची खरी निराशा होते ती जुन्या मराठी फाइलींपाशी. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांमधील मजकूर लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि दोष लिनक्सवर येतो. प्रत्यक्षात त्या फाइलींत युनिकोड (कोणत्याही फॉन्टमध्ये सारखीच वाचता येणारी प्रमाण अक्षरसंहिता) मराठी नसतेच. विशिष्ट फॉन्ट असेल तरच ती अक्षरे देवनागरी दिसतात. असा मजकूर एकदा युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे स्वतः वाचून तपासावीत, कारण रूपांतरात चुका बहुतेक तिथेच राहतात.